गड चढलो, पण पाहिला का?

शनिवारी रात्री अकराला बस, पहाटे चारला पायथा, सकाळी नऊला कोकणकडा, दुपारी पिठलं-भाकरी आणि रात्री पुन्हा पुणे. मागच्या ऑगस्टमध्ये मी हरिश्चंद्रगड असा ‘केला’. आम्ही हाच शब्द वापरतो. कळसूबाई झालं, राजमाची झाली, हरिश्चंद्रपण केला. जणू काही सबमिशनच्या फाइल्सच!

कोकणकड्यावर त्या दिवशी पांढऱ्या धुक्याशिवाय काहीही दिसलं नाही. तरी आमच्या पन्नासेक जणांच्या बॅचने रेनकोटमध्ये ग्रुप फोटो काढला, घोषणा दिल्या आणि उतरायला लागलो. वाटेत हरिश्चंद्रेश्वराचं मंदिर आलं. लीडर म्हणाला, “दहा मिनिटं! फोटो काढा आणि निघा, खाली जेवण गार होतंय.” मी त्या दहा मिनिटांतली पाच मिनिटं एका मुलीशी लिंबू सरबतावरून घासाघीस करण्यात घालवली. वीस रुपये? खाली तर दहाला मिळतं! तिने काही न बोलता पंधराला दिलं.

घरी आल्यावर आजीने विचारलं, “केदारेश्वराच्या गुहेत गेलीस का गं? ती पाण्यातली पिंड?” माझी आजी ओतूरकडची. लग्नाआधी महाशिवरात्रीला ती नऊवारीत, गावातल्या बायकांबरोबर हा गड चढून गेली होती. तिच्याकडे ना ट्रेकिंग शूज होते ना हायड्रेशन बॅग. तरी तिला मंदिर आठवत होतं, गुहा आठवत होती, पाण्याचा गारठा आठवत होता. मला आठवत होता तो बसमधला प्लेलिस्ट. तेव्हा पहिल्यांदा वाटलं, आपण गड चढलो खरं, पण पाहिला का?

म्हणून नोव्हेंबरच्या शेवटी आम्ही चौघं पुन्हा गेलो. यावेळी पॅकेज नाही. एसटी बदलत, शेवटचा टप्पा जीपने करत पाचनईला पोचलो. एका मावशींच्या घरी मुक्काम ठरवला आणि “गड दाखवायला कुणी येईल का?” असं विचारलं. त्यांनी आतून मुलीला हाक मारली. बाहेर आली ती सरबतवाली! मला तर जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. ती एसवायला आहे, तालुक्याच्या कॉलेजात. सुट्टीच्या दिवशी लिंबं, साखर, ग्लास असं सगळं पायथ्यापासून डोक्यावरून वर नेते. म्हणजे मी जे पाच रुपये वाचवले होते, ते तिच्या चढणीचे होते.

तिच्याबरोबर तोच गड वेगळाच निघाला. वाटेत खाचरांमध्ये भाताची झोडणी चालली होती, तिथे ती थांबली. कुठल्या झाडाचा पाला कशावर लावतात, कारवी सात वर्षांनी एकदाच कशी फुलते, हे चालता चालता सांगत गेली. मंदिरापाशी तिने आम्हाला आधी पुष्करणीच्या कोनाड्यांसमोर नेलं आणि मगच आत सोडलं. दगडातून उभं केलेलं शिखर, भोवतीच्या गुहा, टाक्यांमधलं नितळ पाणी. चांगदेवांनी ‘तत्त्वसार’ हा ग्रंथ याच गडावर लिहिला असं मानतात, हेही तिच्याकडूनच कळलं. मास कम्युनिकेशनची डिग्री घेतलेल्या मला हे माहीत नव्हतं.

केदारेश्वराच्या गुहेत कमरेएवढ्या बर्फगार पाण्यात मोठी पिंड आहे. तिच्याभोवतीच्या चार खांबांपैकी आज एकच धड उभा आहे. चार खांब म्हणजे चार युगं, आणि हा शेवटचा पडला की जग बुडणार, असं गावात सांगतात. आजी त्या पाण्यातून प्रदक्षिणा घालून आली होती. मी गुडघाभर पाण्यातूनच परत फिरले.

संध्याकाळी कोकणकडा. या वेळी धुकं नव्हतं. नागाच्या फण्यासारखा आत वळलेला तो प्रचंड कडा, खाली कोकण, समोर मावळतीचा सूर्य. आम्ही पोटावर झोपून, डोकं तेवढं पुढे काढून बघितलं. अर्धा तास कुणी मोबाइल काढला नाही. (नंतर काढला, खोटं कशाला बोलू!)

आता कुणी म्हणेल, विकेंड ट्रेकला नावं ठेवणं सोपं आहे. मान्य. मला घरून पहिल्यांदा परवानगी मिळाली तीच मुळी “ग्रुपसोबत जातेय ना, मग ठीक” या वाक्यावर. मुलींसाठी, एकट्यादुकट्यांसाठी, स्वतःची गाडी नसणाऱ्यांसाठी या ग्रुप्सनी सह्याद्रीचा दरवाजा उघडला, हे खरंच आहे. शनिवारीही ऑफिस असणाऱ्याला दोन दिवस कुठून मिळणार, हाही प्रश्न आहेच.

पण आपण जे विकत घेतो ते नेमकं काय आहे, हे तरी बघूया. ‘ॲडव्हेंचर’ म्हणून आपल्याला फक्त चढ-उतार विकला जातो. देवळं, गुहा, लेणी ही ‘फॅमिली टूर’वाल्यांची, आणि घाम गाळायचा तो आपण, अशी वाटणी कुणी केली कोण जाणे. सह्याद्रीत ही वाटणी चालतच नाही. इथे देऊळ डोंगरावर आहे, पाण्याचं टाकं कातळात आहे आणि इतिहास जंगलात राहिलाय. हरिश्चंद्रगड ज्या अकोले तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातले देवगावचे राघोजी भांगरे. इंग्रजांविरुद्ध बंड केलं म्हणून १८४८ मध्ये ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी दिली. त्याच तालुक्यात गावठी बियाणं जपणाऱ्या पद्मश्री राहीबाई पोपेरे आहेत. पाचनईच्या मावशींनी वाढलेली नाचणीची भाकरी याच मातीतली. हे वगळून उरतो तो फक्त जिना. जिने तर आपल्या सोसायटीतही आहेत.

दुसरी गोष्ट पैशांची. आमच्या पहिल्या ट्रेकमध्ये बस शहरातली, लीडर शहरातले, गावाला मिळालं ते ताटामागचं जेवणाचं बिल. आणि कचरा. दुसऱ्या वेळी माणशी खर्च साधारण चारशे रुपयांनी जास्त आला, पण मुक्काम, जेवण, वाटाड्याचे पैसे असं बरंचसं गावातच राहिलं. परतताना तिला विचारलं, “येणारे लोक काय विचारतात गं तुला?” ती हसून म्हणाली, “दोनच प्रश्न. कडा किती लांब आहे आणि रेंज कुठे येते.”

जुलै २०२५ मध्ये शिवनेरी, राजगड, लोहगडासह बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. आपल्या सगळ्यांच्या स्टोरीज अभिमानाने भरल्या, माझीही. पण यादीत नाव आल्यावर गर्दी वाढणार, आणि यादीत नसलेल्या हरिश्चंद्रगडासारख्या गडांवरही ती सांडणार. त्या गर्दीत आपण कसे जाणार, हे आत्ताच ठरवायला हवं.

फार मोठं काही मागत नाहीये मी. ग्रुप काढणाऱ्यांनी बॅच लहान ठेवावी, गावातला एक वाटाड्या पगारी घ्यावा आणि मंदिराला दहा मिनिटांऐवजी दोन तास द्यावेत. पॅकेजमध्ये शंभर-दोनशे रुपये वाढले तरी चालतील, आपण एका कॉफीला तेवढे देतोच. आणि आपण बुकिंग करताना ‘डिफिकल्टी लेव्हल’च्या आधी विचारावं, “गावातलं कोण सोबत असणार आहे?” चार जणांनी विचारलं की जाहिरातीत ती ओळ आपोआप येते.

महाशिवरात्रीला आम्ही पुन्हा जातोय. आजीचे गुडघे आता चढणीला तयार नाहीत, पण पाचनईपर्यंत ती येणार आहे. मावशींच्या ओट्यावर बसून राहीन म्हणाली. मला गुहेतली प्रदक्षिणा पूर्ण करायची आहे. आणि हो, सरबत यावेळी वीस रुपयांनाच घेणार.