‘ओघवती’, ‘प्रासादिक’ आणि इतर पळवाटा

मराठीत पुस्तक-परीक्षणाचा एक ठरीव साचा झाला आहे. आरंभी लेखकाचा जन्म, शिक्षण आणि सन्मान. मध्ये कथानकाचा गोषवारा. आणि अखेरीस, निरोपाचा विडा द्यावा तशी, शैलीविषयी दोन विशेषणे. शैली ओघवती असते, प्रासादिक असते, चित्रमय असते. लेखक दिवंगत असेल तर ती ‘स्वतःची अशी’ असते. ही विशेषणे एका पुस्तकावरून उचलून दुसऱ्यावर ठेवली तरी कोणाच्या लक्षात येत नाही. ज्या शब्दांनी व्यंकटेश माडगूळकर आणि जी. ए. कुलकर्णी या दोघांचेही वर्णन करता येते, त्या शब्दांनी दोघांपैकी कोणाविषयीच काही सांगितलेले नसते. ही केवळ आळसाची बाब असती तर मी लेखणी उचलली नसती. शैली वाक्यात असते आणि ती वाक्यातच दाखवता येते, हे आपण मुळात मानतच नाही. आणि न मानल्यामुळे आपली वाचनाची शक्ती क्षीण होत चालली आहे.

वास्तविक अशी नजर आपल्याला नाही असे नाही. आमच्या इंदूरच्या श्रोत्यांचेच पाहा. उस्ताद अमीर खाँसाहेब १९७४ मध्ये गेले, त्याला अर्धशतक उलटले. तरी त्यांच्या गाण्याविषयी बोलताना येथील जुना श्रोता ‘ओघवते गाणे’ असे म्हणून थांबत नाही. तो अतिविलंबित लयीविषयी बोलतो, झुमऱ्याविषयी बोलतो, मेरुखंडाच्या अंगाने होणाऱ्या बढतीविषयी आणि सरगमेविषयी बोलतो. त्यातले किती त्याला शास्त्राने कळते हा प्रश्न वेगळा. पण गाण्याची शैली गाण्यातच दाखवावी लागते, हे तो गृहीत धरतो. हाच गृहस्थ दुसऱ्या दिवशी साहित्याच्या बैठकीला आला की त्याचे कान बंद होतात. तेथे लेखकाच्या साधेपणाच्या आठवणी, त्याची आलेली पत्रे, कोणाच्या तरी घरी झालेली त्याची भेट यांवर तासभर निघतो आणि पुस्तकातले एक पानही मोठ्याने वाचले जात नाही.

या सवयीला आधार म्हणून शैली आणि माणूस एकच असे सांगणारे एक फ्रेंच वचन हटकून पुढे केले जाते. ते ज्याचे, तो ब्यूफाँ निसर्गशास्त्रज्ञ होता आणि १७५३ मध्ये फ्रेंच अकादमीत प्रवेश करताना केलेल्या भाषणात तो ते बोलून गेला. त्याचा रोख निराळाच होता. ज्ञान, तथ्ये, शोध या वस्तू एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती सहज जातात. विचारांना दिलेला क्रम आणि गती मात्र ज्याची त्याच्याकडेच राहते, असे त्याचे म्हणणे. म्हणजे तो वाक्याकडे आणि मांडणीकडे बोट दाखवीत होता. आपण ते बोट लेखकाच्या घराकडे वळवले. आपल्याकडील वामनाने आठव्या शतकाच्या सुमारास रीतीला काव्यात सर्वोच्च स्थान दिले, तेव्हाही रीती ही पदांच्या रचनेत असते असेच सांगितले. कवी पहाटे किती वाजता उठतो याची चौकशी त्याने केली नाही.

जी. एं.चे आपण काय केले आहे? बेळगाव जिल्ह्यातील एकसंबा येथे १९२३ मध्ये जन्मलेला आणि धारवाडला इंग्रजी शिकवणारा हा लेखक सीमाभागाचा म्हणून बृहन्महाराष्ट्राला विशेष जवळचा. त्यांच्यावरील जेवढी भाषणे मी ऐकली त्यांत काळा चष्मा, लोकांत न मिसळणे आणि साहित्य अकादमीचा १९७३ चा पुरस्कार परत करणे, ही तीन प्रकरणे कधी चुकली नाहीत. उपमेची गोष्ट क्वचित निघाली. इतर लेखकांची उपमा बहुधा वाक्याच्या टोकाला लोंबत असते. ती काढली तरी वाक्य उभे राहते. जी. एं.ची काढली की वाक्य कोसळते, कारण पात्राच्या वाट्याला पुढे जे येणार आहे ते आधीच त्या उपमेत येऊन बसलेले असते. रंगांचेही तसेच. ‘निळासावळा’, ‘पारवा’, ‘हिरवे रावे’, ‘रक्तचंदन’, ‘काजळमाया’: १९५९ ते १९७२ या काळातील या पाच संग्रहांची नावेच वाचा. प्रत्येकात एक रंग आहे, आणि एकही रंग निव्वळ रंग म्हणून आलेला नाही. कोठे तो पक्षी झाला आहे, कोठे लाकूड, कोठे काजळ. एवढे दिसायला चष्म्याची हकिकत लागत नाही.

दुर्गाबाई भागवतांचा जन्म १९१० चा, इंदूरचा. एवढे सांगून आपण अभिमानाने खाली बसतो. फार तर आणीबाणीत, १९७५ मध्ये, कऱ्हाडच्या संमेलनाध्यक्ष म्हणून त्यांनी दाखवलेल्या निर्भयतेचे स्मरण करतो. ते करावेच. पण ‘ऋतुचक्र’ चांगले का, याचे उत्तर कऱ्हाडात सापडणार नाही. महिन्यांच्या क्रमाने चालणाऱ्या त्या पुस्तकात झाडांना नावे आहेत. जेथे दुसरा लेखक ‘नयनमनोहर’ म्हणून मोकळा होतो तेथे दुर्गाबाई पालवीचा रंग कसकसा बदलत गेला ते सांगत बसतात. नामच विशेषणाचे काम करते. ‘ऋतुचक्र’ निघाले १९५६ मध्ये. त्याच्या आदल्या वर्षी माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ आली. दोन्ही पुस्तके ‘चित्रमय’ म्हणवली जातात आणि दोहोंत चित्र काढण्याची रीत जवळजवळ उलटी आहे. माडगूळकरांचा निवेदक धनगरांच्या वस्तीवर गेलेला तरुण मास्तर. तो दिसले ते लहान वाक्यात सांगतो आणि त्याचा अर्थ सांगायची वेळ आली की गप्प बसतो. तेथे क्रियापद आणि मौन मिळून काम करतात. दोघांना एकाच विशेषणात बसवणारा समीक्षक नेमके काय वाचतो, असा मला प्रश्न पडतो.

मी राज्य शासनाच्या सेवेत तीन दशकांहून अधिक काळ नस्त्या वाचल्या. कार्यालयीन हिंदीत कोणाला व्यक्तिमत्त्व असू नये अशीच व्यवस्था असते. तरी सही झाकून ठेवली तर टीप कोणाची, हे आम्ही चौथ्या ओळीत सांगत असू. एकजण कर्ता कधी लिहीतच नसे. त्याच्या टिपेत सर्व आपोआप घडे, विलंब होत असे, नियम शिथिल केले जात. दुसरा ‘तथापि’पासून सुरुवात करी, म्हणजे नकार आधीच कळे. तिसऱ्याचे वाक्य अर्धे पान चाले आणि क्रियापद येण्यापूर्वीच दमलेला वरिष्ठ सही करून मोकळा होई. त्याला तेच हवे असे. यांपैकी एकालाही साहित्याची बाधा नव्हती. कर्ता ठेवणे किंवा गाळणे, क्रियापदाची जागा, वाक्ये जोडणारे अव्यय, वाक्याची लांबी: शैलीचे घटक म्हणतात ते हेच, आणि ते टिपेत असतात तसेच कादंबरीत असतात.

‘दिवा विझला’, ‘विझला दिवा’, ‘दिवा विझवण्यात आला’. घटना एकच. पहिल्यात वारा असू शकतो. दुसऱ्यात बोलणारा हळहळला किंवा वैतागला आहे. तिसऱ्यात कोणीतरी हात पाठीमागे लपवला आहे. मराठीत याहूनही बारीक एक घटक आहे, जो भाषांतरात टिकत नाही: निवेदनात ‘केले’ लिहायचे की ‘केलं’. ‘केले’ म्हणणारा निवेदक व्यासपीठावर उभा असतो, ‘केलं’ म्हणणारा ओसरीवर बसलेला असतो. एका अनुस्वाराने लेखक आपले आणि वाचकाचे अंतर ठरवतो. परीक्षणात हे शेवटचे कधी वाचले, ते वाचकांनी आठवून पाहावे.

शुद्ध भाषा म्हणजेच शैली, हा दुसरा भ्रम, आणि तो जुना आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ मध्ये ‘निबंधमाला’ सुरू केली आणि तीत जोतीराव फुल्यांवर टीका करताना त्यांच्या व्याकरणावरही शस्त्र चालवले. विष्णुशास्त्र्यांचे स्वतःचे गद्य मोठेच. संस्कृतच्या व्यासंगातून आणि मेकॉलेसारख्या इंग्रजी निबंधकारांच्या वाचनातून घडलेले पल्लेदार वाक्य त्यांनी मराठीत रुजवले. पण त्या एका मापाने त्यांनी दुसऱ्याचे वाक्य मोजले. फुल्यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३ मध्ये लिहून झाला, तेव्हा विष्णुशास्त्री हयात नव्हते. त्यात शेतकऱ्याच्या घराचे जे वर्णन आहे, तेथे वस्तूमागून वस्तू येत राहते. शाळामास्तर तेथे पूर्णविराम मागेल. तो दिला तर घरातील दाटी आणि दैन्य दोन्ही त्या पानावरून नाहीशी होतील.

हाच प्रश्न आपल्या दाराशीही आहे. ‘काय करून राहिलास?’ हा प्रयोग येथील मराठी घरांत ऐकू येतो, नागपूर-वऱ्हाडातही येतो. पुण्याहून आलेले पाहुणे त्याला हसतात आणि आपण ओशाळतो. हसणारे चुकतात. पण ‘ही आमची शैली आहे’ असे जे उत्तर आपल्यातील काही मंडळी हल्ली छातीठोकपणे देतात, तेही तितकेच चूक. शैलीला निवड लागते. ज्याला ‘करतो आहेस’ आणि ‘करून राहिलास’ ही दोन्ही रूपे अवगत आहेत आणि जो कथेतील आजीच्या तोंडी जाणून दुसरे घालतो, त्याची ती शैली. ज्याला एकच रूप येते, त्याची ती सवय. भास्करराव तांबे १८७३ मध्ये मुंगावलीस जन्मले आणि देवास, इंदूर, ग्वाल्हेर या भागातच त्यांचे आयुष्य गेले. त्यांच्या कवितेत हिंदुस्थानी गाण्याचे जे वळण आहे तो शेजाऱ्याचा अंगाला लागलेला रंग नव्हे. मराठी वृत्ते हाताशी असताना त्यांनी केलेली ती निवड आहे.

आणि निवड ओळखायला कान लागतो. आपली नातवंडे हिंदी किंवा इंग्रजी माध्यमात शिकतात. देवनागरी येत असल्याने मराठी पान ती अडखळत का होईना वाचतात. कानांवर मात्र जेवणाखाण्यापुरती मराठी पडते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला, त्यानंतरच्या सत्कार-समारंभांना आपण या मुलांना पुढच्या रांगेत बसवले आणि मराठी किती रसाळ आहे ते ऐकवले. ज्याने पुरणपोळी खाल्ली नाही त्याला ‘रुचकर’ या शब्दाने काय कळणार? उलट ‘विझला’ आणि ‘विझवण्यात आला’ यांतला भेद बारा वर्षांच्या मुलाला पाच मिनिटांत कळतो. मी सांगून पाहिले आहे. तो तत्काळ आईकडे गेला आणि ‘कप फोडण्यात आला’ असे निवेदन करून आला.

यावर नेहमीचा आक्षेप असा की अशा चिरफाडीने रसभंग होतो. सम कोठे आली हे कळल्याने कोणाचा आनंद उणावल्याचे माझ्या ऐकिवात नाही. मात्र वाक्ये मोजून तक्ते मांडणाऱ्या प्रबंधांचाही मी कैवारी नव्हे. लहान वाक्ये किती, हे आकडा सांगेल. माडगूळकर तेथेच का थांबले, हे पान मोठ्याने वाचल्यावाचून कळत नाही.

या पत्रिकेच्या संपादकांनी परीक्षणाला एक अट घालावी: शैलीविषयी विशेषण लिहिले की ज्या वाक्यावरून ते सुचले ते वाक्य खाली द्यावे, वाक्य नसेल तर विशेषण छाटावे. आणि मंडळाच्या बैठकीत ज्या लेखकावर व्याख्यान आहे त्याची निदान दोन पाने आधी वाचली जावीत. वेळ पुरत नाही, असे कार्यवाहांचे म्हणणे असते. गेल्या बैठकीत वक्त्यांचा परिचय, अध्यक्षांचा परिचय आणि दोघांना शाल-श्रीफळ यांत पाऊण तास गेला. त्यातून वीस मिनिटे सहज निघतील.