पटाच्या बैलाला बदाम, वखराच्या बैलाला कुटारही पुरेना

हिवाळा आला की शंकरपटाचे बॅनर लागतात. 2014 साली सुप्रीम कोर्टाने बैलांच्या शर्यती बंद केल्या, डिसेंबर 2021 मध्ये अटी घालून सुरू करू दिल्या आणि 18 मे 2023 ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने राज्याचा कायदा कायम ठेवला. तेव्हापासून पट पुन्हा जोरात आहेत. पटाच्या जोडीच्या खुराकाचीही गावात चर्चा असते. कोणी दूध पाजतो, कोणी अंडी घालतो, कोणी बदाम. हौसेला मोल नाही, आपल्याला त्याबद्दल काही म्हणायचं नाही.

पण त्याच गावात वखर-डवऱ्याच्या जोडीसमोर काय पडतं, ते एकदा गोठ्यात जाऊन पाहा. माझ्याही दावणीला एक जोडी आहे. मार्च संपत आला की गंजीकडे पाहून पोटात गोळा येतो. जून लागेपर्यंत हा चारा पुरणार का?

हिशोब साधा आहे

चारशे किलोच्या बैलाला दिवसाला आठ ते दहा किलो सुका चारा लागतो. जोडीला अठरा किलो धरा. वर्षाचे साडेसहा टन झाले. हिरवा चारा मिळाला तर सुका कमी लागतो, पण कोरडवाहूवाल्याकडे हिरवं पावसाळ्यातच. पूर्वी हा हिशोब कोणी करत नव्हतं, कारण घरोघरी ज्वारी होती. दाणे माणसाला, कडबा बैलाला. मग सोयाबीन आलं. ज्वारीला भाव नाही, कणसावर पाखरं, उभ्या पिकात रानडुकरं आणि रोही. शेतकऱ्याने ज्वारी सोडली यात त्याची चूक नाही. पण ज्वारीसोबत बैलाचं ताटही गेलं, हे आपल्या उशिरा लक्षात आलं.

सोयाबीनचं कुटार कडब्याची जागा का घेत नाही? सोयाबीन कापायला येईपर्यंत त्याचा पाला गळून जातो. उरतात काड्या आणि शेंगांची टरफलं. ते कडक असतं, तोंडाला टोचतं, पचायला जड. बैल हुंगतो आणि मान फिरवतो. हार्वेस्टर लावला तर तेही वावरात पसरून जातं, मग काडी लावून मोकळं. तुरीचं आणि हरभऱ्याचं कुटार त्याहून कितीतरी चांगलं, पण ते थोडंच निघतं. सरकी आपल्याच जिल्ह्यातली, पण तिची ढेप विकत घेताना हात आखडतो.

चरायला जागा कुठे?

आपल्या जिल्ह्याची ओळख गवळाऊ जात. आर्वी, आष्टी, कारंजाच्या डोंगरपट्ट्यात चरून वाढलेलं हे चपळ, पांढरं जनावर. कारंजा तालुक्यात हेटीकुंडीला तिच्यासाठी सरकारी पैदास केंद्र आहे. वर्ध्याच्या गोपुरीत जमनालालजी बजाज यांनी 1941 साली गोसेवा संघाचं काम सुरू केलं. एवढी परंपरा असून गावच्या आखरावर आज किती ढोरं जमतात? ई-क्लास जमिनीवर कुठे अतिक्रमण, कुठे नुसतं गाजर गवत. ढोरकी मिळत नाही, म्हणून ढोरं दिवसभर दावणीला.

सरकारचा पैसा कुठे जातो?

30 सप्टेंबर 2024 ला राज्य सरकारने देशी गाईला राज्यमाता-गोमाता जाहीर केलं. गोशाळेतल्या देशी गाईला दिवसाला 50 रुपये अनुदानही ठरवलं. म्हणजे जनावर पोसायला पैसा लागतो, हे सरकारला मान्य आहे. मग शेतकऱ्याच्या दावणीच्या बैलाला का नाही? त्याच दराने जोडीचे वर्षाला 36 हजार 500 रुपये होतात. 2015 च्या कायद्याने बैलाची कत्तल बंद झाली, त्यामुळे म्हाताऱ्या बैलाला गिऱ्हाईक उरलं नाही. कायदा बरा की वाईट हा वेगळा वाद. पण थकलेल्या बैलाचा चारा कोणाच्या खिशातून जातो, एवढं तरी विचारायला पाहिजे. आज तो शेतकऱ्याच्याच खिशातून जातो. म्हणून बैल विकून ट्रॅक्टर भाड्याने आणणारे वाढले. मग शेणखतही गेलं, आणि डवरणीच्या ऐन वेळी दुसऱ्याची जोडी शोधत फिरणं आलं.

आपल्या हातात काय?

कुटार पेटवू नका. कोरडं करून झाकून ठेवा. एकटं न देता कडबा किंवा तुरीच्या कुटारात मिसळा, वरून मिठाचं पाणी शिंपडा. कडबा कुट्टी करून घातला तर नासाडी बरीच थांबते.

युरियाची प्रक्रिया जुनीच आहे, पण कमी लोक करतात. शंभर किलो कुटाराला चार किलो युरिया, पन्नास लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थराथराने शिंपडायचा. दाबून, ताडपत्रीने हवाबंद करून एकवीस दिवस ठेवायचं. काढल्यावर वास उडू द्यायचा आणि थोडं थोडं सुरू करायचं. सहा महिन्यांच्या आतल्या वासराला देऊ नका. युरिया नुसता किंवा पाण्यातून कधीच पाजू नका, जनावर मरतं. पहिल्यांदा करताना पशुवैद्यकीय दवाखान्यातून माहिती घ्या.

लग्नाच्या घोड्या पाळणाऱ्यांनी मात्र हे करू नये. घोडा रवंथ करत नाही. त्याचं पोट लहान, त्याला ओकारीही होत नाही. त्याला थोडं थोडं, दिवसातून अनेकदा द्यावं लागतं. बुरशी लागलेलं कुटार त्याच्या जिवावर बेततं. त्याला चांगलं वाळलेलं गवत किंवा कडबाच पाहिजे. म्हणजे कडबा महागला की फटका त्यालाही आहेच.

वखरणीच्या दिवसांत बैलाला रोज दोन किलो ढेप-चुनी आणि 50 ग्रॅम खनिज मिश्रण मिळालं तरी तो टिकतो. बदामाची गरज नाही. उलट एकदम जास्त दाणा घातला तर पोटात आंबतं आणि बैल बसतो.

आणि पाव एकर तरी ज्वारी पेरा. नफ्यासाठी नको, दावणीसाठी पेरा. येत्या ग्रामसभेत ई-क्लासवर चारा लावण्याचा ठराव मांडा. पोळ्याला आपण बैलाचे खांदे शेकतो, पुरणपोळी चारतो. तो एक दिवस झाला. उरलेल्या 364 दिवसांचा चारा कुठून येणार, हे आताच ठरवावं लागेल.