जत्रेला निघताना मोत्याचं काय?

सौंदत्तीच्या यल्लम्माला किंवा आषाढीला पंढरपूरला सगळी मंडळी निघाली, की घरच्या कुत्र्या-मांजराचा प्रश्न उभा राहतो. नुसती किल्ली शेजारी देऊन भागत नाही. राखणीला येणाऱ्याने आधी चार दिवस तुमच्यासमोर कुत्र्याला भाकरी घालावी, फिरवून आणावे. आपल्या बेळगाव-निपाणीकडे आणखी एक गंमत! कुत्र्याला ‘ये’ कळते, ‘बा’ कळेलच असे नाही. राखणदार कन्नड बोलणारा असेल तर घरातले चार शब्द त्याला सांगून ठेवा.

रेबीजची लस आधीच टोचलेली हवी. तरीही दात लागलाच, तर ओरखडा किरकोळ दिसला तरी साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटे धुवायचा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, हे त्याला बजावून सांगा. हळद-चुना नको.

मांजराला मात्र दुसरीकडे ठेवू नका. ते घराला धरून असते.