वर्गणी द्या, पण हिशेबही मागा

कोरमंगलातल्या मराठी शेजाऱ्यांनो,

परवा रात्री आपल्या ग्रुपवर पुन्हा एका बाळाचा फोटो आला. एसएमए, म्हणजे स्नायू लुळे पडत जाणारा आजार. 16 कोटींचं इंजेक्शन, तेही दोन वर्षांचं व्हायच्या आत द्यायला हवं. खाली क्यूआर कोड. सकाळपर्यंत हात जोडलेल्या इमोजींची रांग लागली आणि कुणीतरी लिहिलं, "माणुसकी अजून जिवंत आहे." ते वाचून माझं डोकं फिरलं. म्हणून हे पत्रक.

पैसे मीही पाठवले. बाळासाठी देणाऱ्याचा हात मी कशाला धरू? माझं भांडण आहे ते वर्गणीवर समाधान मानण्याच्या सवयीशी. पाचशे रुपये टाकले, लिंक पुढे पाठवली, की हे औषध आपल्याकडे का तयार होत नाही हे विचारायची जबाबदारी संपली, असं आपण धरून चालतो. राज्य चालवणाऱ्यांना ही सवय फार सोयीची आहे. 2021 च्या दुर्मीळ आजार धोरणात लोकवर्गणीसाठी चक्क सरकारी पोर्टलची तरतूद आहे! त्याच वर्षी मुंबईतल्या एका बाळाच्या याच औषधावरचा सुमारे 6 कोटींचा कर माफ झाला, तेव्हा टाळ्या पडल्या. दारोदार मागून जमवलेल्या पैशावर 6 कोटी कर बसतच कसा होता, हा प्रश्न त्या टाळ्यांत बुडाला.

वर्गणी फ्रान्समध्येही निघते. स्नायूंच्या आजारांसाठी तिथे 1987 पासून टीव्हीवर टेलिथॉन होतो आणि तो पैसा प्रयोगशाळांना जातो. एसएमएचं जनुक 1995 साली पॅरिसमधल्या संशोधकांनी शोधलं, त्या कामामागे हाही पैसा होता. पुढे अमेरिकेत ओहायोतल्या मुलांच्या इस्पितळात 2014 पासून 15 तान्ह्या बाळांवर याच इंजेक्शनची, म्हणजे एसएमएच्या जनुकोपचाराची, पहिली चाचणी झाली. त्यांनी वर्गणीतून शोध लावला, आपण वर्गणीतून त्या शोधाचं बिल भरतो आहोत.

यावर ठरलेलं उत्तर येतं: "गरीब देशाला संशोधन परवडत नाही, आधी दवाखाने बांधा." हे वाक्य बहुधा ज्यांना दवाखान्याच्या रांगेत कधी उभं राहावं लागलं नाही, त्यांच्याच तोंडी असतं. त्यांनी मुंबईच्या टाटा मेमोरियल या कर्करोग इस्पितळाचा लिग्नोकेनचा अभ्यास बघावा. लिग्नोकेन म्हणजे दात काढताना देतात ते बधिर करण्याचं इंजेक्शन. स्तनाच्या कर्करोगाची गाठ काढण्याआधी ते गाठीभोवती टोचायचं, बस. 11 इस्पितळं, सुमारे 1,600 स्त्रिया, 2011 पासून 2022 पर्यंत चाललेलं काम. पाच वर्षांनंतर हयात असलेल्यांचं प्रमाण 86.4 टक्क्यांवरून 90.1 टक्क्यांवर गेलं. म्हणजे दर शंभरांत जवळजवळ चार जणी जास्त वाचल्या, आणि खर्च माणशी शंभर रुपयांच्या आत. परवडत नाही म्हणणाऱ्यांनी यातलं काय परवडलं नाही ते सांगावं.

दुसरं उत्तर आपल्या या भागात जास्त ऐकू येतं, कारण इथे प्रत्येक गल्लीत कुणीतरी कंपनी काढलेली असते: "बाजार बघून घेईल." आपल्या सेंट जॉन्स इस्पितळातलंच उदाहरण घ्या. हृदयविकार टाळण्यासाठी अनेक औषधं एका गोळीत घालून देण्याचा अभ्यास तिथल्या डॉक्टरांच्या पुढाकाराने झाला. देशातली 50 केंद्रं, 2,053 माणसं, 2009 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. काम चांगलं होतं, आणि खर्च केला गोळी बनवणाऱ्या कंपनीने. यात तिचा काही दोष नाही. गोळी तिची, पैसे तिने घातले. पण लिग्नोकेन कुणाच्या मालकीचं आहे? ज्या औषधाचं पेटंट संपलं, जे स्वस्त आहे, जो आजार फक्त शेतमजुराला होतो, त्याच्या चाचणीवर कोणता गुंतवणूकदार दहा वर्षं वाट बघत बसेल? तिथे सरकारनेच पैसा घालायचा असतो.

आपण घातला नाही, तर दुसरा घालतो. मुंबईच्या वस्त्यांतल्या दीड लाख स्त्रियांवर 1998 पासून एक अभ्यास झाला. दहावीपर्यंत शिकलेल्या आरोग्यसेविकांनी व्हिनेगर लावून गर्भाशयमुखाची तपासणी केली, आणि त्या कर्करोगाचे मृत्यू 31 टक्क्यांनी घटले. स्त्रिया आपल्या, डॉक्टर आपले, सेविका आपल्या. पैसा अमेरिकन सरकारच्या कर्करोग संस्थेचा. मला याची लाज वाटते.

आणि आपला पैसा किती? केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाची 2025-26 ची तरतूद सुमारे 3,900 कोटी. 140 कोटी लोकांत वाटा: माणशी वर्षाला 28 रुपये. दर्शिनीत उभ्याने प्यायलेली एक फिल्टर कॉफी. त्यातूनच संस्थांचे पगार, इमारती, साथींची तयारी, आणि उरलं तर चाचण्या.

"सरकारी पैसा खाल्ला जातो," असं म्हणून खांदे उडवणाऱ्यांचा मला सगळ्यात जास्त संताप येतो. रस्त्याचा पैसा खाल्ला जातो म्हणून रस्ता नको, असं हे लोक कधी म्हणत नाहीत. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलने मिळून रक्ताच्या कर्करोगावरचा कार-टी उपचार (रुग्णाच्याच पेशी बदलून परत देण्याचा) तयार केला, त्यात सरकारी पैसा होता. 2023 च्या ऑक्टोबरमध्ये त्याला परवानगी मिळाली. परदेशात जो तीन-चार कोटींच्या घरात जातो, तो इथे चाळीस लाखांच्या आसपास आला. चाळीस लाखही बहुतेक घरांना उद्ध्वस्त करतात, हे खरंच. म्हणून नुसता पैसा मागून भागणार नाही, किमतीची अटही मागायला हवी.

पुढची लिंक येईल तेव्हा पैसे जरूर पाठवा. त्याच दिवशी आपल्या खासदाराला एक पत्रही पाठवा. त्यात विचारा: रुग्णांवरच्या चाचण्यांसाठी वेगळी आणि दरवर्षी हमखास मिळणारी रक्कम कधी ठेवणार? जनतेच्या पैशातून निघालेल्या औषधाच्या किमतीवर मर्यादा कोण घालणार? आणि सरकारी इस्पितळात रोज शंभर रुग्ण तपासणाऱ्या डॉक्टरला संशोधनासाठी आठवड्यातला एक दिवस तरी मोकळा मिळणार का? उत्तर आलं तर ते ग्रुपवर टाका. नाही आलं, तर तेही त्या बाळाच्या फोटोखालीच टाका.