शासकीय खरेदीला हवा जाणत्यांचा डोळा

१९८६ सालच्या जानेवारी-फेब्रुवारीत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण दगावले. त्यांचा घात आजाराने केला नव्हता. उपचार म्हणून त्यांना जे ग्लिसरॉल देण्यात आले, त्यात डायएथिलीन ग्लायकोल हे विषारी औद्योगिक रसायन होते. रुग्णांची मूत्रपिंडे निकामी झाली आणि बरे होण्यासाठी आलेली माणसे शासकीय औषधाने मेली. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने या प्रकरणाची पाळेमुळे खणून काढली, तेव्हा खरेदीपासून औषध प्रशासनापर्यंतच्या पायरीपायरीवरील बेपर्वाई महाराष्ट्रापुढे आली. ते विष रुग्णाच्या तोंडी जाण्यापूर्वी किती टेबलांवरून गेले होते, याचा हिशेब मांडला की अंगावर काटा येतो. निविदा मागविणारे टेबल वेगळे, माल उतरवून घेणारे वेगळे, तपासणीचे वेगळे. टेबले पुष्कळ होती. डोळा एकाही टेबलावर नव्हता.

शासकीय खरेदी म्हटली की सामान्य माणसाच्या मनात घोटाळा हा एकच शब्द येतो. अमुक कोटींची खरेदी, तमुक मंत्र्यावर आरोप, विधिमंडळात गदारोळ, चौकशीची घोषणा आणि पुढे येरे माझ्या मागल्या. या गदारोळात मूळ प्रश्न बाजूला राहतो. वाईट खरेदीची खरी किंमत कोटींच्या आकड्यात मोजता येत नाही. ती मोजावी लागते जिल्हा रुग्णालयाच्या औषध खिडकीवर. तेथे रांगेत उभ्या असलेल्या शेतमजुराच्या हाती औषधाऐवजी चिठ्ठी पडते आणि 'हे बाहेरून घ्या' असे त्याला सांगितले जाते. पंडित दीनदयाळ उपाध्याय यांनी ज्या शेवटच्या माणसाचा विचार मांडला, तो शेवटचा माणूस या रांगेतही शेवटीच उभा असतो. त्याच्यापर्यंत औषध पोहोचले की नाही, हाच खरेदीच्या यशापयशाचा एकमेव निकष मानला, तर राज्याच्या खरेदी व्यवस्थेकडे पाहण्याची दृष्टीच पालटते.

महाराष्ट्रात या व्यवस्थेचे प्रयोग कमी झालेले नाहीत. उद्योग विभागाच्या अखत्यारीतील मध्यवर्ती भांडार खरेदी संघटना आणि तिचे दरकरार, ही पद्धत वर्षानुवर्षे चालली. दर एकदा ठरला की कोणत्याही खात्याने त्या दराने माल उचलावा, अशी ती सोय. सोय खरी, पण बाजारातील भाव उतरला तरी दरकराराचा भाव उतरत नसे, आणि करारात एकदा स्थान मिळालेला पुरवठादार खात्याचा जावई होऊन बसे. २०१५ मध्ये महिला व बालविकास विभागाची सुमारे २०६ कोटी रुपयांची खरेदी गाजली ती याच दरकरारांमुळे. अंगणवाडीतील बालकांची चिक्कीही या खरेदीत होती. २४ शासन निर्णय एकाच दिवशी निघाले, ई-निविदा का काढली नाही असा प्रश्न उपस्थित झाला आणि राजकीय धुरळा उडाला. पुढे लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला त्यात गैरव्यवहार आढळला नाही. संबंधितांच्या दृष्टीने विषय तेथे संपला असेल. बालकाच्या दृष्टीने तो संपत नाही. त्याच्या हाती पडलेली चिक्की खाण्याजोगी होती काय, ती वेळेवर पोहोचली काय आणि तिच्यापेक्षा सकस काही त्याच पैशात मिळाले असते काय, हे प्रश्न भ्रष्टाचार झाला वा न झाला तरी उरतातच. प्रामाणिकपणे केलेली खरेदीही निकृष्ट असू शकते. आपल्या विचारांचे सरकार आले म्हणजे खरेदी आपोआप शुद्ध होते, असा भोळा समज राष्ट्रहिताचा विचार करणाऱ्याने बाळगू नये.

१ डिसेंबर २०१६ रोजी राज्य शासनाने खरेदीची नवी नियमपुस्तिका अमलात आणली. विखुरलेले नियम एका जागी आले, हे चांगलेच झाले. २०१७ मध्ये औषधे आणि वैद्यकीय सामग्रीच्या एकत्रित खरेदीची जबाबदारी हाफकिन जीव औषध निर्माण महामंडळाकडे सोपविण्यात आली. हाफकिनचे नाव मोठे. प्लेगच्या साथीशी झुंजलेल्या आणि लस संशोधनाची उज्ज्वल परंपरा असलेल्या संस्थेचा तो वारसा. परंतु लस तयार करणे आणि हजारो वस्तूंच्या निविदा काढणे ही दोन वेगळी शास्त्रे आहेत. उत्तम वैद्य उत्तम वाणी असतोच असे नाही. निविदा रखडल्या, पुरवठादारांची देयके थकली, रुग्णालयांची मागणीपत्रे अडकून पडली. महालेखापरीक्षकांनी त्यावर ताशेरे ओढले. शेवटी २०२३ मध्ये कायदा करून वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण स्थापण्यात आले. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या आरंभी नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण मृत्युमुखी पडले, त्यांत १२ नवजात अर्भके होती. मृत्यूंची कारणे अनेक सांगितली गेली आणि ती असतीलही. परंतु मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली आणि औषधखरेदीचा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला.

दरकरार गेला, महामंडळ आले. महामंडळ गेले, प्राधिकरण आले. यंत्रणा बदलल्या. मात्र जुनी यंत्रणा नेमकी कोठे फसली, याचा शांतपणे अभ्यास करून नव्या यंत्रणेला शहाणपण देणारी कायमस्वरूपी जागा शासनात नाही. विधिमंडळाची लोकलेखा समिती आहे. तिचे काम मोलाचे आहे, पण ते शवविच्छेदनाचे. प्रत्येक विभागाच्या खरेदी समित्या आहेत. त्या समोर आलेल्या निविदेचा निर्णय करतात, पद्धतीचा विचार करणे त्यांचे काम नव्हे. या दोहोंच्या मधली जागा रिकामी आहे. ती भरण्यासाठी राज्याच्या खरेदी व्यवस्थेवर एक स्थायी सल्लागार समिती असावी.

ही कल्पना परकीय व्यवस्थापनशास्त्रातून उसनी आणण्याची गरज नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राजाच्या भांडारांची जबाबदारी असलेला सन्निधाता नावाचा अधिकारी आहे. रत्ने असोत, मौल्यवान वस्तू असोत वा साधा वनोपज असो, नवा माल असो वा जुना, त्या त्या वस्तूच्या जाणकारांना सोबत घेऊनच त्याने तो स्वीकारावा, असा कौटिल्याचा दंडक आहे. मालात फसवणूक आढळली, तर ती करणारा आणि करविणारा अशा दोघांनाही दंड सांगितला आहे. राजाचा अधिकारी कितीही प्रामाणिक असला तरी त्याला रत्नातले सगळे कळत नाही, हे त्या व्यवहारी आचार्याने ओळखले होते. आज क्ष-किरण यंत्राच्या खरेदीची नस्ती ज्या अवर सचिवापुढे जाते, त्याने आयुष्यात ते यंत्र चालविलेले नसते. त्याला दर कळतो. म्हणून तो दर पाहतो.

शिवछत्रपतींनी चिपळूणच्या छावणीतील अंमलदारांना लिहिलेले पत्र रयतेच्या काळजीसाठी नेहमी सांगितले जाते. ते भांडार व्यवस्थेचा उत्तम धडाही आहे. पावसाळ्यासाठी साठविलेली वैरण आणि दाणा आताच वाटेल तसा उधळला तर भर पावसात घोडी उपाशी मरतील, हवे ते रोख पैसे देऊन बाजारातून विकत आणावे, एखादा उंदीर दिव्याची जळती वात गवतात नेईल, इतका बारीक विचार त्यात आहे. साठा, हंगाम, रोख दाम आणि सुरक्षितता! आपल्या शासकीय भांडारांत मुदतबाह्य झालेल्या औषधांचे खोके एका कोपऱ्यात आणि रिकाम्या फळ्या दुसऱ्या कोपऱ्यात दिसतात, तेव्हा या पत्राची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

इतर राज्यांकडून शिकण्यातही कमीपणा नाही. तामिळनाडूने १९९४ मध्ये वैद्यकीय सेवा महामंडळ स्थापन केले. जिल्ह्याजिल्ह्यांत गोदामे उभारली, प्रत्येक रुग्णालयाला पासबुक दिले. रुग्णालयाने आपल्या हिशेबातून लागेल ते औषध लागेल तेव्हा उचलावे, अशी ती रीत. आलेल्या मालाचे नमुने उत्पादकाचे नाव झाकून प्रयोगशाळेत जातात आणि उत्तीर्ण झाल्यावरच औषध रुग्णालयाकडे निघते. राजस्थानने २०११ मध्ये मोफत औषध योजना आखताना हाच मार्ग स्वीकारला. तामिळनाडूने १९९८ मध्ये आणि कर्नाटकाने १९९९ मध्ये निविदांच्या पारदर्शकतेचे कायदे केले. महाराष्ट्राची खरेदी मात्र मुख्यतः शासन निर्णयांवर चालते, आणि एका शासन निर्णयाला दुसरा शासन निर्णय बगल देऊ शकतो हे मंत्रालयात कोणालाही ठाऊक आहे.

आता संगणकीय बाजारपेठ आली, मग समिती कशाला, असे कोणी म्हणेल. २०१६ मध्ये केंद्र शासनाने 'जेम' ही बाजारपेठ सुरू केली आणि पुढच्याच वर्षी जुन्या पुरवठा व विल्हेवाट महासंचालनालयाला टाळे लागले. हे पाऊल निःसंशय स्वागतार्ह आहे. भाव उघड झाले, दूरच्या तालुक्यातील लहान उद्योजकाला मंत्रालयाचे उंबरठे न झिजविता माल मांडता येऊ लागला. पण संगणकाला जे विचारावे तेवढेच तो सांगतो. निविदेतील वस्तूचे वर्णनच एखाद्या ठरावीक उत्पादकाला समोर ठेवून लिहिलेले असेल, तर स्पर्धा आभासीच. एकाच घरातील तीन आस्थापनांनी तीन दर भरले, तर संगणकाच्या लेखी ते तीन स्पर्धक. आणि आलेला माल ठरल्याप्रमाणे आहे की नाही हे पाहायला शेवटी माणूसच लागतो.

दोन दुखणी अशी आहेत की ज्यांना भ्रष्टाचार म्हणता येत नाही, आणि म्हणूनच त्यांच्यावर कोणी मोर्चा काढत नाही. पहिले मार्चअखेरचे. अकरा महिने निधी वाटेत असतो आणि बाराव्या महिन्यात तो संपविण्याची घाई होते. ३१ मार्चच्या रात्री मंत्रालयात दिवे जळतात, ते राज्याच्या चिंतेने नव्हे. दुसरे दुखणे थकलेल्या देयकांचे. लघुउद्योगांना ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावेत असे २००६ चा कायदा सांगतो. शासन कायदा करते आणि शासकीय कार्यालयच तो मोडते. महिनोन्महिने पैसे मिळणार नाहीत हे माहीत असलेला पुरवठादार व्याज आधीच दरात मिळवितो. ज्याला तेवढे भांडवल नाही तो निविदेकडे फिरकतच नाही. मग मैदानात कोण उरते, हे सांगायला नको. स्वदेशीचा उद्घोष करताना आपल्याच औद्योगिक वसाहतीतील छोट्या कारखानदाराचे पैसे अडवून ठेवणे, ही विसंगती नव्हे काय?

समिती म्हटले की लोक हसतात, आणि त्यांचे चुकत नाही. विषय थंड करायचा असेल तर समिती नेमावी, हा आपल्याकडचा सर्वपक्षीय शिरस्ता आहे. अहवाल येतात, कपाटात जातात. ज्याच्या मर्जीतला त्याला खुर्ची, गाडी आणि दिवा, असेच या समितीचेही होणार असेल तर ती न नेमलेली बरी. म्हणून तिची रचना आधी पाहावी लागेल. पुरवठादार वा त्यांचे प्रतिनिधी तिच्यात नकोत. निवृत्त सनदी अधिकाऱ्यांचे ते विश्रामगृहही नको. फार तर एखादा असावा. लेखापरीक्षणात आयुष्य घालविलेला माणूस हवा, औषधनिर्माणशास्त्राचा आणि यंत्रसामग्रीचा जाणकार हवा. त्यांच्या बरोबरीने, ज्याच्या हाती माल पडतो तो हवा: गडचिरोलीच्या रुग्णालयाचा भांडारपाल, नंदुरबारची अंगणवाडी सेविका, आश्रमशाळेचा मुख्याध्यापक. आश्रमशाळेत आलेली ब्लँकेटे पहिल्या धुण्यात टिकली की नाही, याची साक्ष सचिव देऊ शकत नाही.

एकाही निविदेची नस्ती या समितीपुढे जाता कामा नये. गेली की दुसऱ्या दिवसापासून तिच्या दारात मोटारी उभ्या राहतील. वस्तूंची वर्णने कशी लिहावीत, नमुने कसे तपासावेत, पैसे किती दिवसांत मिळाले, कोणत्या जिल्ह्यात कोणते औषध किती दिवस नव्हते, यापुरतेच तिचे क्षेत्र. तिचा सल्ला शासनावर बंधनकारक नसेल. लोकनियुक्त शासनाचा निर्णयाचा अधिकार हिरावून घेणे लोकशाहीत इष्टही नाही. पण सल्ला नाकारला तर का नाकारला, हे अर्थसंकल्पी अधिवेशनात विधिमंडळाच्या पटलावर लेखी ठेवण्याचे बंधन मात्र हवे, आणि ते शासन निर्णयाने नव्हे तर कायद्याने घातलेले हवे. एवढे एक कलम घालण्याची तयारी कोणत्या सरकारची आहे, यावरून त्याच्या हेतूची परीक्षा होईल.

अशी समिती झालीच, तर तिने पहिली बैठक मंत्रालयाच्या वातानुकूलित दालनात घेऊ नये. जून महिन्यात, पाऊस लागल्यावर, मेळघाटातल्या एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या भांडाराचे दार उघडावे. फळीवर सर्पदंशाची लस आहे काय, असल्यास तिची मुदत कोणत्या तारखेला संपते आणि तिचे मागणीपत्र किती महिन्यांपूर्वी गेले होते, एवढ्या तीन नोंदी कराव्यात. अहवालाचे पहिले पान तेथेच लिहून होईल.