नसल्याचा दाखला

माणूस जिवंत आहे हे सिद्ध करायला हयातीचा दाखला असतो. तो नाही हे सिद्ध करायला मृत्यूचा. पण तो पोर्तुगीज नाही हे सिद्ध करायचं झालं, तर कुठला दाखला आणायचा सांगा पाहू!

हिशेब तसा सोपा आहे. 19 डिसेंबर 1961 ला गोवा मुक्त झाला. 1962 च्या आदेशाने तिथे आधी जन्मलेली माणसं भारताची नागरिक ठरली. ज्यांना जुनंच नागरिकत्व ठेवायचं होतं, त्यांनी महिन्याभरात तसं लिहून द्यायचं होतं. बाकीचे आपोआप भारतीय. अर्ज न करता सरकारकडून काही मिळाल्याचं दुसरं उदाहरण निदान मला तरी ठाऊक नाही.

पण पोर्तुगालने गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं ते 31 डिसेंबर 1974 च्या करारात. म्हणजे तेरा वर्षं एकच माणूस दिल्लीच्याही खात्यात जमा आणि लिस्बनच्याही! बरं, करारानंतरही लिस्बनने खातं बंद केलं नाही. 1961 पूर्वी गोव्यात जन्मलेल्याची जन्मनोंद तिथल्या दप्तरात आजही करता येते आणि तिच्या आधारे मुलानातवंडांना पोर्तुगीज होता येतं. मग युरोपात नोकरी करू पाहणारा मुलगा आधी बापाची नोंद करून घेतो. बाप म्हापशात व्हरांड्यात बसून पेज जेवतो आहे. त्याने लिस्बन फक्त पोस्टाच्या तिकिटावर पाहिलेलं. उद्या कोणी तक्रार केली, की मतदारयादीतलं नाव वाचवायला कागद घेऊन हाच धावणार!

कोणी म्हणेल, दोन-दोन पासपोर्ट बाळगणारे लबाडही असतात. असतात ना! त्यांना जरूर धरा. परदेशी पासपोर्ट घेतला की नागरिकत्व स्वेच्छेने बदलल्याचा तो निर्णायक पुरावा, असं आपले नियमच सांगतात. मग तो पासपोर्ट आरोप करणाऱ्याने दाखवावा. न घेतलेला पासपोर्ट म्हाताऱ्याने कुठून काढून दाखवायचा? आणि पोर्तुगीजपण सोडायचं म्हटलं, तर ते सोडल्याची नोंदही लिस्बनच्याच दप्तरात. म्हणजे जे आपण कधी मागितलंच नाही, ते नको म्हणायलाही दार त्यांचंच ठोठवायचं!

आम्ही कॉमर्सवाले. दोन वह्यांचा मेळ बसला नाही, तर रात्री दिवे लावून आम्हीच बसतो. खातेदाराला बोलावून 'तुमची रक्कम दुसरीकडे जमा नाही हे सिद्ध करा' म्हणत नाही. दिल्ली आणि लिस्बन या दोन मोठ्या पेढ्यांनी आपसात पत्रं लिहून आपला मेळ आपण बसवावा. तोवर म्हाताऱ्याच्या मताला, पेन्शनला आणि झोपेला हात लावू नये.

ज्या बँकेत आपण कधी खातंच उघडलं नाही, तिचा 'येणे बाकी नाही' असा दाखला आणा म्हणणाऱ्याला आमच्या काउंटरवर लोक वेडा म्हणतील. कचेरीत त्यालाच साहेब म्हणतात.