सर्दीवरील चिनी घर्षणोपचार

सर्दीने मान आखडली आणि अंग मोडून आले, की चिनी घरातील आजी पुष्कळदा औषधाच्या बाटलीऐवजी चिनी मातीचा चमचा हाती घेते. नातवाच्या मानेला व पाठीला तेल लावून, चमच्याच्या बोथट कडेने ती वरून खाली, एकाच दिशेने घासत जाते. हाच ‘ग्वा शा’ उपचार होय. ‘ग्वा’ म्हणजे खरवडणे आणि ‘शा’ म्हणजे त्यामुळे त्वचेवर उमटणारे तांबडे ठिपके. म्हशीच्या शिंगाची पट्टीही यासाठी वापरतात. व्हिएतनाम व इंडोनेशिया येथे हेच काम नाण्याने करतात.

ठिपके उमटले, की ‘रोग बाहेर पडला’ असे घरची मंडळी समाधानाने म्हणतात. वस्तुस्थिती निराळी आहे. त्वचेखालील सूक्ष्म केशवाहिन्यांतून पाझरलेल्या रक्ताचे ते डाग असतात. काही दिवसांत ते मावळतात. सर्दी विषाणूंमुळे होते आणि पाठ घासल्याने विषाणू मरत नाहीत. बहुधा ७ ते १० दिवसांत ती आपली आपणच ओसरते. मग आराम कशाने वाटतो? घासलेल्या जागी रक्ताभिसरण काही काळ वाढते, ऊब येते, आणि मायेचा हात पाठीवरून फिरतो. हे सुख थोडे नव्हे. परंतु त्यास रोगमुक्ती समजू नये.

या डागांवरून गैरसमजही होतात. २००१ सालच्या एका चिनी चित्रपटाचे नावच ‘ग्वा शा’ आहे. त्यात अमेरिकेत आलेले आजोबा नातवावर हा उपचार करतात. पाठीवरचे डाग पाहून मुलाचा छळ होत असल्याचा आरोप घरावर येतो. म्हणून असा उपचार केला असल्यास डॉक्टरांना तो आधीच सांगावा.

याहून मोठी दक्षता आपणास घ्यावयास हवी. पावसाळ्यात अंग मोडून येणारा प्रत्येक ताप सर्दीचाच असतो असे नाही. तो डेंग्यूचाही असू शकतो. डेंग्यूत रक्त गोठविणाऱ्या प्लेटलेट कमी होतात. अशा वेळी त्वचा खरवडणे धोक्याचे, आणि आपोआप उठणारे तांबडे ठिपके तर रोगाचीच खूण असू शकतात. ज्यांना रक्त पातळ करण्याची औषधे चालू आहेत, ज्यांच्या त्वचेवर जखम किंवा पुरळ आहे, त्यांनीही हा उपचार टाळावा. एकाचे साधन निर्जंतुक केल्यावाचून दुसऱ्यास वापरू नये.

साध्या सर्दीत विश्रांती, भरपूर पाणी आणि गरम पेज पुरेशी असते. ताप चढत राहिला, धाप लागली, तर मात्र चमचा खाली ठेवावा आणि विनाविलंब दवाखाना गाठावा.